पोकळ दाराचं औषध

दादा गेल्यावर दारावरची त्याच्या नावाची पाटी ठेवायची की काढायची? मी घरात सगळ्यांना विचारलं, पण काही ठरेना. इकडे दार आपटलं की पाटी खाली पडायची. दार आतून पोकळ, त्यामुळे स्क्रू नुसते गरगर फिरायचे. आणि पाटी पडली की आई दर वेळी दचकायची.

शेवटी मी कोलकात्यातल्या आमच्या बेहाला भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, "दरवाजा पोकळ है, भरने को कुछ दो."

"पोका?" म्हणत दुकानदारानं पुढे बाटली ठेवली. वर उताण्या झुरळाचं चित्र!

परका बघून हा माझी टिंगल करतोय असं वाटून मी काउंटरवर हात आपटला. शेजारचं गिऱ्हाईक हसलं, "अरे भाई, बांग्ला में पोका माने कीड़ा!"

मग मी दुकानाच्याच कपाटाचं दार ठोकून दाखवलं.

"ओ, फाँपा! पहले बोलेगा तो!"

"प्लास्टर दे दो."

"प्लास्टर में पेंच नहीं टिकेगा, भुरभुरा जाएगा. ये एपॉक्सी लो, दोनों गोले मिलाके ठूँसो, पेंच कल मारना."

महागातलं गळ्यात मारतोय, असंच वाटलं. तरी घेतलं. दोन्ही गोळे एकत्र मळून भोकांत ठासले आणि दुसऱ्या दिवशी चारही स्क्रू पिळले. त्या माणसावर विश्वास नव्हताच, म्हणून दार तीनदा जोरात आपटून पाहिलं. पाटी हलली नाही. मग दादाच्या नावावर उमटलेले माझ्या बोटांचे डाग मी शर्टाच्या बाहीनं पुसून काढले.