धुऱ्यावरची हजेरी

सांगतो, पण हासू नका. मले दुसऱ्याचं चांगलं झालेलं खपत नाही, हे तुमाले ठाऊकच हाय. यंदा शेजारच्या गजाननचं सोयाबीन कंबरेले लागलं अन् माह्यं गुडघ्यावरच राह्यलं. मंग काय, सकाळी च्या घेतला की मी त्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर हजर. दुपारपर्यंत नुसता त्याच्या शेंगा पाहत उभा.

कॉलेजात शिकणारी माही पोरगी म्हणे, "बाबा, मन असं एकाच गोष्टीवर खिळून राह्यलं, की त्याले फिक्सेशन म्हणतात."

बायको भाकर थापता थापता बोलली, "आमच्या मेडशी गावात त्याले जळणं म्हणतात."

परवा गजानन स्वतःच धुऱ्यावर आला. मले वाटलं, आता हा भांडते. तर त्यानं हातच जोडले.

"भाऊ, लय उपकार झाले. तुमी रोज इथं उभे राहता म्हणून रानातल्या रोह्यांचा कळप माह्या पिकात तोंड घालत नाही."

"मंग जाते कुठं तो कळप?" मी इचारलं.

"तुमच्या वावरात. काहून, तुमी तिकडं गेलेच नाही का?"