दोनशे अकरा जणांचं मत

सांगा मंडळी, ज्याला आपण कधी पाहिलं नाही, त्याच्या शब्दावर किती विसंबावं? हसताय! परवा कुकर मागवलात, तो कुणाच्या भरवशावर? कुणीतरी पाच स्टार दिले म्हणूनच ना? असू दे. कुकर बिघडला तर परत पाठवता येतो. पण मृणालिनी बारबोलेला कुकर नव्हता घ्यायचा – तिला वडिलांसाठी जागा हवी होती!

ऐका. मृणालिनी सोलापुरात शिक्षिका. आई गेलेली. वडील दिगंबरतात्या तीस वर्षं बार्शीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. काय बोलका माणूस! आता लेकीकडे राहायचे, पण विसरायला लागले. कधी गॅस चालू, कधी दार सताड उघडं. लेक दिवसभर शाळेत. करणार काय? बसली फोनवर वृद्धाश्रम शोधत.

एका आश्रमाला दोनशे अकरा जणांनी मतं दिलेली. पाचपैकी चार पूर्णांक आठ! ‘स्वच्छ. शिस्तबद्ध. अतिशय शांत.’ दुसरा तळ्याजवळचा, जेमतेम तीन. ‘म्हातारे पत्त्यांवरून भांडतात. जेवताना नुसता कलकलाट. भात कच्चा.’ तुम्ही कुठला घेतला असता? अहो, टाळ घेऊन पुढे बसलेले काका, खरं बोला! – चार पूर्णांक आठवालाच ना? तोच घेतला तिनं.

त्या आश्रमाची एक रीत होती. नाव नोंदलं, की काउंटरवरची मुलगी म्हणायची, “ताई, तेवढं रिव्ह्यूचं बघा ना. इथंच, माझ्यासमोर.” मृणालिनीनं लिहिलं – ‘तात्या इथे आनंदात आहेत.’ पाच स्टार! अहो, तात्यांनी अजून पायातल्या चपला काढल्या नव्हत्या!

खोटारडी होती का ती? नाही हो. वडिलांना सोडून निघताना पाऊल उचलत नव्हतं. ते वाक्य तिनं स्वतःलाच लिहून दिलं होतं.

दर रविवारी ती यायची. चादरी पांढऱ्याशुभ्र, औषधं वेळेवर, कुणी वावगं बोलत नव्हतं. खरंच सांगते, वाईट नव्हती ती माणसं! पण तात्या? “कसं वाटतंय, तात्या?” – “बरं आहे.” पुढच्या महिन्यात नुसतं – “हं.” तिसऱ्या महिन्यात तेही नाही.

अशाच एका रविवारी कुर्डुवाडीचा एक गृहस्थ आईला घेऊन आला. आईच्या हातात कपड्यांचं बोचकं. मृणालिनीला बघून त्याचा चेहरा फुलला.

“तुम्ही बारबोले मॅडम ना? फोनवर फोटो बघितलावता. तुमचं वाचूनच आईला आणलं बघा!”

मृणालिनीनं मागं वळून पाहिलं. तात्या तिथंच खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसलेले.

“दादा, मी ते लिहिलं, तेव्हा त्यांना इथं येऊन पाव तासही झाला नव्हता.”

“मग असं कसं लिहिलंत हो?”

“मला घरी जाऊन झोप लागायला हवी होती.”

आणि बोचकं सावरत ती माउली काय म्हणाली? “लेका, त्या बाईचं वाचलंस. मला इचारलंस का रं?”

मंडळी, घाव पडला लेकावर, पण लागला मृणालिनीला! दोनशे अकरा जणांचं वाचलं होतं तिनं – घरातच शेजारच्या खोलीत बसलेल्या बापाला विचारलं नव्हतं. ती तात्यांच्या पायाशी बसली. “तात्या, तुम्हाला कुठं राहायचंय?”

बराच वेळ गेला. तात्यांचे ओठ हलले.

“माणसांत.”

आठ दिवसांत तिनं त्यांना तळ्याजवळ नेलं. आठवण परत आली का? नाही. भात? कच्चाच! लिहिणारे खोटं बोलले नव्हते. पण चार दिवसांत तात्या पत्ते आपटून ओरडले, “फसवतोस होय रे!” – आणि दारात उभी असलेली लेक रडता रडता हसली.

सात महिने मिळाले त्यांना. शेवटच्या दुपारी खाटेभोवती सहा म्हातारे होते – आणि तेव्हाही भांडत होते! पाणी कोण पाजणार म्हणून.

मग मतं वाचूच नयेत का? वाचा की! लिहिणारा तिथं राहिला का, किती दिवस राहिला, तेही बघा. पण ज्याच्यासाठी शोधताय, त्याचं मत कुठल्या फोनवर सापडणार? तुमच्याही घरी कुणीतरी बसलंय आत्ता, तुमची वाट बघत. गेल्यावर त्याच्याजवळ बसा. विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उठू नका!

आता टाळ उचला, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा, आणि मोकळ्या गळ्यानं देवाचं नाव घ्या!