दहाच्या आतल्या बायका

(मलावीतलं तळ्याकाठचं एक गाव. आरोग्य-माहितीभांडाराच्या कचेरीत न्यागोंद्वे सांगते आहे आणि तिच्या बहिणीचा नवरा, डॉक्टर हारावा, लिहून घेतो आहे.)

न्यागोंद्वे: "तीस वर्षं तुम्ही आमची बाळंतपणं मोजलीत, आमची मढी मोजलीत, आमच्या पोरांच्या बोटातून रक्त काढलंत. आज आम्ही आमचाच आकडा मागितला तर दार लावून घेता. तुम्ही चोर आहात." लिहिलंत?

हारावा: 'चोर'पर्यंत आलोय. वर कुणाचं नाव घालू?

न्यागोंद्वे: माहितीभांडाराच्या समितीचं.

हारावा: समितीचा अध्यक्ष मी आहे.

न्यागोंद्वे: म्हणून तर तुमच्याकडून लिहून घेतेय. अक्षर घरचं असलं की वाचणाऱ्याला सोपं जातं.

हारावा: आणि त्याच समितीत गावाची सभासद तू. म्हणजे अर्धी चोर तू.

न्यागोंद्वे: अर्धी कशाला, सबंध. प्रत्येक बैठकीला कोंबडी-भात खाऊन हात वर केलाय मी. एकदा तर ठराव ऐकलाच नव्हता. मला वाटलं, फँटा कुणाकुणाला हवाय ते मोजताहेत.

हारावा: त्याच ठरावाने आकडे साठवायच्या यंत्राच्या खोलीत गार हवा आली.

न्यागोंद्वे: यंत्राला गार हवा आणि बाळंतिणीच्या खोलीत डास. हेही घाला पत्रात.

हारावा: पत्र कशाला? नियमाप्रमाणे अर्ज कर ना.

न्यागोंद्वे: भरून बघितला. 'अर्जदाराची संस्था', तिथं 'गाव' लिहिलं. 'विद्यापीठाची परवानगी', तिथं रेघ मारली. पुढे विचारलंय, काम झाल्यावर माहिती नष्ट करणार का? तिथं अडले. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ते दर आठवड्याला तुमच्या वहीत मीच लिहीत आलेय. आता नष्ट काय करू, डोकं फोडून घेऊ?

हारावा: तो प्रश्न मी घातलाय. देणगीदारांनी खास कौतुक केलं होतं.

न्यागोंद्वे: तुमचं कौतुक झालं, बरं झालं.

हारावा: पण तुला आकडा हवाच कशाला? तुला तर नावं पाठ आहेत.

न्यागोंद्वे: जिल्ह्याच्या साहेबाला नावं नकोत. तुमचा वार्षिक अहवाल उघडून बसला होता. म्हणे, आई, तुमच्या गावात दहा वर्षांत बाळंतपणात कुणी दगावलंच नाही, आकड्याच्या जागी नुसती चांदणी आहे. म्हणून दवाखान्यातली सुईणबाई सोमवारपासून दुसऱ्या गावी. मी म्हटलं, सात गेल्या. म्हणाला, भांडाराचा शिक्का आणा.

हारावा: गाढव आहे. चांदणी म्हणजे शून्य नाही, चांदणी म्हणजे दहाच्या आत. खाली बारीक अक्षरात छापलंय.

न्यागोंद्वे: किती बारीक?

हारावा: मलाही दिसत नाही.

न्यागोंद्वे: मग दोन गाढवं झाली. तिसरी मी. अहवालाच्या मंजुरीला माझाही अंगठा आहे, आणि मला सही येते.

हारावा: तिसरी नव्हे, पहिली. दहाच्या आतला आकडा बाहेर जाता कामा नये म्हणून टेबलावर मूठ कुणी आपटली होती?

न्यागोंद्वे: मीच. भांडारातून आकडे नेलेल्या त्या शहाण्या विद्यार्थ्याने प्रबंधात छापलं, या गावात चाळिशीची, अकरा पोरांची एक बाई आहे, तिला तो आजार आहे. अकरा पोरांची बाई गावात एकच, माझी भाची. आठ दिवसांत नवऱ्याने तिची भांडी बाहेर फेकली. मग आपटणार नाही तर काय? आज तीच मूठ माझ्या नाकावर बसलीय.

हारावा: म्हणजे नियम बरोबर आहे.

न्यागोंद्वे: नियम बरोबर आहे आणि सुईणबाई सोमवारी जाणार. आता काय ते बोला, शिकलेले तुम्ही.

हारावा: काय बोलू? मार्चला देणगी संपतेय. नवी मागायची तर एकही आकडा फुटलेला चालत नाही. त्यांच्या अर्जात एक रकाना आहे, 'गावाला झालेला फायदा'. दरवर्षी मी 'अमूल्य' लिहितो. यंदा त्यांनी विचारलंय, म्हणजे नक्की काय. तीन दिवस बसलोय. काल 'गावाला नोंदी ठेवायची सवय लागली' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

न्यागोंद्वे: खोडायचं नव्हतं. मला लागली की.

हारावा: एक वाट आहे. नियमांच्या शेवटच्या पानावर. ज्यांची माणसं गेली त्या घरांनी लेखी संमती दिली तर चांदणी काढता येते. पण सगळ्या घरांची लागते. आजवर कुणी त्या वाटेला गेलं नाही.

न्यागोंद्वे: कारण शेवटच्या पानापर्यंत कुणी जात नाही. मी गेले. आणि परवा सहा घरं फिरले. एका म्हातारीने आधी टोपलीभर शेंगा सोलायला लावल्या, मग अंगठा दिला. एका बापाने विचारलं, याने माझी पोर परत येईल का. नाही म्हटलं. तरी दिला. हे बघा सहा कागद.

हारावा: तू सात म्हणालीस.

न्यागोंद्वे: सातच. सातव्या दारात कागद घेऊन जायला पाय उचलला नाही. तिथं माझी बहीण असते.

हारावा: घरात आम्ही तो विषय काढत नाही.

न्यागोंद्वे: ठाऊक आहे. तुमची सून गेली त्या आठवड्यात मी वहीत एक रेघ ओढली आणि तुमच्या यंत्राने तिची चांदणी केली. सगळ्यांना सोयीचं झालं. मलाही. बहिणीकडे बघून बोलायला नको. तिला रात्रभर होडीतून तळ्यापलीकडच्या इस्पितळात का नेत होतो, तेव्हा इथं सुईण का नव्हती, ते कुणी विचारलं नाही.

हारावा: सही मुलाची लागेल.

न्यागोंद्वे: तो तिकडे दक्षिण आफ्रिकेत, जोबर्गला खाणीत आहे. कुटुंबप्रमुख कोण, ते तुमच्याच वहीत लिहिलंय. पत्र राहू द्या आता, ज्याला पोचायचं त्याला पोचलं. हा सातवा कागद. पेन तुमच्याच हातात आहे. सही करताय का, भावोजी? हो की नाही, तेवढं सांगा.