रविवारच्या आधी

वहिनी: ...अशी नाही, मान आणखी मागे टाक. टबाच्या काठावर टॉवेल ठेवलाय, त्यावर. हां, अशी.

बिट्टी: वहिनी, मी उद्या धुते ना माझी मी.

वहिनी: उद्या उद्या करत तीन आठवडे झालेत. वीस वर्षं पार्लर चालवतेय, केस बघून आठवडे मोजता येतात मला.

बिट्टी: तुला बोलावलं कुणी?

वहिनी: समोरच्या मावशींनी. म्हणाल्या, तुमच्या नणंदबाई मांजर आणून देऊन गेल्या, तिच्या वाटीसकट. कायमची. म्हटलं, जिचं त्या मांजरीवाचून पान हलत नाही, तिनं असं करावं? पार्लरला कुलूप लावलं, तुझ्या दादाला कामावरून उचललं आणि आले. पाणी फार गरम नाही ना?

बिट्टी: नाही. छान आहे. वर बघ, छतावर पाण्याचा उजेड हलतोय. तळ्याच्या बुडाशी पडून वर बघावं तसं वाटतंय.

वहिनी: बघत राहा. मी शाम्पू लावते.

बिट्टी: आवाजही तसेच येतात हल्ली. लांबून. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगत असतं, फ्रेम अशी हवी, नंबर वाढलाय, आणि मला वाटतं, काचेपलीकडे कुणीतरी नुसते ओठ हलवतंय. भिंगं बसवायला हात चालतात. मी नसतेच तिथे.

वहिनी: हे आई गेल्यापासून?

बिट्टी: आईचं निमित्त नको. त्याआधीपासूनच. कधीतरी हळूच सुरू झालं. ऊन उतरतं ना भिंतीवरून, कळत नाही, तसं.

वहिनी: बिट्टी, सरळ विचारते. जीव द्यायचा विचार येतो का मनात?

बिट्टी: पाणी कानात जातंय.

वहिनी: सावकाश सांग. माझे हात इथेच आहेत, तुझ्या केसांत.

बिट्टी: असं कुणी विचारतं का गं?

वहिनी: मी एकदा नव्हतं विचारलं. मामेबहीण होती माझी. घरचे म्हणाले, विषय काढू नकोस, उगाच डोक्यात भरेल तिच्या. मग मी तासभर पडद्यांच्या कापडावर बोलत बसले.

बिट्टी: आणि?

वहिनी: आणि ती गेली. ते कापड अजून डोळ्यासमोर येतं. आता विचारायला घाबरत नाही मी. न विचारायला घाबरते.

बिट्टी: येतो. रोज येतो. मरायचंय असंही नाही गं... हे सगळं थांबावं, एवढंच.

वहिनी: बरं झालं बोललीस. कधीचं काही ठरवलं होतंस?

बिट्टी: रविवारचं.

वहिनी: त्यासाठी घरात काही आणून ठेवलंयस?

बिट्टी: कपाटात. वरच्या खणात.

वहिनी: ते आज माझ्याबरोबर जाईल. आणि तूही आमच्याकडे येतेस. विचारत नाहीये, सांगतेय.

बिट्टी: रागावली नाहीस?

वहिनी: रागावले असते तर हा फेस डोळ्यांत घातला असता.

बिट्टी: तुमच्या लग्नाआधी मी दादाला म्हटलं होतं, ही बाई फार बोलते.

वहिनी: ठाऊक आहे. त्यानं त्याच दिवशी मला सांगून टाकलं.

बिट्टी: त्याला हे सांगू नकोस. शपथ आहे तुला.

वहिनी: दुसरी कुठलीही शपथ घाल, ही नको. हे गुपित ठेवायचं नाही, बिट्टी. तुलाही एकटीला पेलायचं नाही आणि मलाही.

दादा: (दाराबाहेरून) दुसरं पातेलं तापलंय. आत देऊ?

वहिनी: कधीपासून उभा आहेस तिथे?

दादा: ते तापल्यापासून. ऐकलं मी.

बिट्टी: दादा, तू जा ना.

दादा: जातो. ...नाही, जात नाही. फोनवर मी आपलं एवढंच विचारायचो, जेवलीस का. तू हो म्हणायचीस.

बिट्टी: खोटं सांगायचे.

दादा: मलाही वाटायचं ते. तरी फोन ठेवून द्यायचो.

बिट्टी: आणि मी बरी झालेच नाही तर?

वहिनी: त्याचा निकाल आज दुपारी लावायचा नाही. निघतानाच फोन करून चार वाजता मनाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतलीय. एका भेटीत सगळं फिटेल असं नव्हे. दुसऱ्यांदा जाऊ, दहाव्यांदा जाऊ.

बिट्टी: त्यांना काय सांगू?

वहिनी: मला सांगितलंस तेच. अडलीस तर मी आहे शेजारी. चल, डोकं वर कर. सावकाश. टॉवेल धर.

दादा: आत येऊ?

बिट्टी: ये. फक्त माझ्याकडे बघू नकोस.

दादा: मागे बसतो. कंगवा दे गं इकडे.

वहिनी: तुला जमेल?

दादा: आई कामावर गेली की हिची वेणी मीच घालायचो.

बिट्टी: वाकडी घालायचास. शाळेत मुली हसायच्या.

दादा: आताही वाकडीच येणार. आणि गुंता बराच झालाय. वेळ लागेल.

बिट्टी: लागू दे. मला घाई नाही.