पुराची खूण

—नाही हो, शिडीचं नका बोलू त्यांच्याकडे. चालू दे त्यांची घासाघाशी. काठीला ब्रश बांधलाय ना, पोचतो तो बरोबर खुणेपर्यंत, जरा वेळ लागतो एवढंच. शिडी आणून देतो म्हणून धक्क्यावरचा रखवालदारही मगाशी मागे लागला होता, तर हे त्याच्याशी बोलेनासेच झाले. तुम्ही बसा इथं बाकावर. चहा घ्या, थर्मासातला आहे, गरम आहे अजून—साखर कमी आहे मात्र, ह्यांना चालत नाही म्हणून घरात कुणालाच चालत नाही. कुणालाच म्हणजे काय, मला. आहोतच कोण दुसरं. पुरातत्त्व खात्यातला माणूस स्वतः येईल असं ह्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं, साहेब. सकाळी कपाटातला चांगला शर्ट काढला, मी इस्त्री केली, आणि आता तोच घालून शेवाळ खरवडतायत बघा. सांगायची सोय नाही. सांगणं मी कधीच सोडलंय.

तुम्हाला वाटत असेल, इतिहासाची आवड असलेलं जोडपं. कसली आवड. शाळेत इतिहासाच्या तासाला हे मागच्या बाकावर झोपायचे, सासूबाईच सांगायच्या. ह्यांचं काम रोषणाईचं. लग्न, उद्घाटन, मेळावा—माळा लावायच्या, उतरवायच्या, गोदामात गुंडाळून ठेवायच्या. राष्ट्रदिनाचं तर सगळं ह्यांच्याकडेच असायचं, नगरभवनाची अख्खी दर्शनी बाजू. मग धंदा बंद केला आणि हे खूळ शिरलं डोक्यात—हा राष्ट्रदिन मुळात आला कुठून, आणि तो ह्याच तारखेला कशावरून. झालं. सवड मिळाली की निघालो. स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या मंडळींनी ज्या शाळेत शपथ घेतली ती शाळा बघितली—तिथल्या शिपायाला वाटलं आम्ही नातवाच्या प्रवेशासाठी आलोय. ज्या बेकरीच्या मागच्या खोलीत ते लपून राहिले ती बेकरी बघितली. मालकानं भट्टी दाखवली, म्हणे हिच्याच उबेला झोपले होते सगळे. हे म्हणाले, भट्टी नंतरची आहे, विटा बघा. मालक म्हणाला, तुम्हाला पाव घ्यायचाय का? नसेल तर निघा. माणसं जातात, फोटो काढतात, दोन पाव घेऊन घरी येतात, हो की नाही? आम्ही भांडून यायचो. आणि नगरभवनाच्या त्या पायऱ्या, जिथं उभं राहून घोषणा वाचली—तिथं मात्र हे कधी गेले नाहीत. मी पण नाही.

आणि आता ही भिंत. पुढ्यातली टपरी हटवली नसती तर कुणाला दिसली असती? पण दिसली ह्यांनाच. त्या दिवशी सकाळी ती मंडळी ह्या धक्क्यावरून होडीनं पलीकडे गेली आणि दुपारी घोषणा वाचली, असं पुस्तकात आहे, बरोबर? आणि इथं भिंतीवर त्याच तारखेची पुराची खूण, माणसाच्या डोक्यावर हातभर. अशा पाण्यात होडी कोण घालेल, असं ह्यांचं म्हणणं. गेले ते दुसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर. म्हणजे राष्ट्रदिन दुसऱ्या दिवशी. म्हणजे इतकी वर्षं सगळा देश चुकीच्या दिवशी माळा लावतोय.

खरी आहे का हो खूण? ...हं. जुनीच आहे म्हणता. अक्षरं कोरलेली, त्या काळातलीच. मग आता काय होईल? वर पाठवणार. वर पाठवणार म्हणजे समिती बसणार, आणि तुम्ही लिहिणार की खूण खरी आहे. लगेच नसेल, पण होईल. होईलच ना.

वय काय हो तुमचं? नाही, सहज. कपाळावर केस येतात ते मागे सारायची सवय दिसते तुम्हाला. आमच्याकडे पण—घ्या ना, बिस्कीट घ्या.

आमचा मुलगा होता. आता बोललेच आहे तर ऐका. कामावरचे सगळे त्याला वानर म्हणायचे, शिडीवर सरसर चढायचा म्हणून. राष्ट्रदिनाला संध्याकाळी नगरभवनावरची एक माळ विझली. एकच, वरची. दुपारी पाऊस पडून गेलेला, फरशी ओली, आणि पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसायला लागलेल्या. ह्यांनी त्याला सांगितलं, चढ. आणि पाठ फिरवली, गाड्या बघायला. शिडी धरायला थांबले नाहीत. हे मला दुसऱ्या कुणी नाही सांगितलं, ह्यांनीच सांगितलं, तेही एकदाच—मी चढ म्हणालो, एवढंच म्हणालो. नंतर आजतागायत विषय नाही. त्याला मंचाच्या मागे निजवलं आणि वर जाजम टाकलं. पाहुण्यांना कळू दिलं नाही. भाषण झालं, बँड वाजला, सगळा वाजला, शेवटपर्यंत. मी पोचले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून त्याच दिवशी दरवर्षी सगळं गाव लखलख करतं. आमच्या खिडकीवर जाड पडदा असतो. म्हणून तुम्हाला वाटेल—मलासुद्धा वाटलं होतं—की ह्यांना तो दिवस मोकळा करून हवाय. लोकांचा सण दुसरीकडे जाऊ दे, आमचा दिवस आमच्यापुरता राहू दे. मी बायको असून इतकी वर्षं हेच धरून चालले, आणि म्हणून डबे भरत आले, बेकरीवाल्यांची बोलणी खात आले. तसं नाहीये ते. गेल्या महिन्यात ही खूण सापडली तेव्हा हे घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, बघ, त्या दिवशी सणच नव्हता. रोषणाईच नको होती. सरकारनं तारीख चुकवली. आणि पोटभर जेवले. झोपलेसुद्धा, घोरत. मी भांडी घासत उभी होते आणि माझ्या लक्षात आलं. चूक सरकारची निघाली की ह्यांची उरत नाही.

म्हणून म्हणते, साहेब, तुम्ही हो पण म्हणू नका, नाही पण म्हणू नका. बघू म्हणा. तुमच्या खात्याला ते छान जमतं. पाहणी चालू आहे, तज्ज्ञांचं मत मागवलंय. ह्यांच्या भल्यासाठीच सांगतेय, एकदा काम फत्ते झालं की दिवसभर करतील काय घरात? हिंडण्यावर तर तग धरून आहेत.

मान कशाला हलवता? जे आहे ते लिहावं लागेल. हो, लागेल. नोकरी आहे तुमची. खरं ते खरं.

मग माझंही खरं ऐका. त्यांच्या भल्याबिल्याचं काही नाही त्यात. मला ते सुटायला नको आहेत. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही कधी. नातेवाईक म्हणायचे, धन्य तुझी, दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. मी नाही गेले. मला रोज समोर बघायचं होतं त्यांना. सकाळी चहा देताना बघायचं होतं की अजून आठवतंय, अजून बोचतंय—तेवढ्यावर माझा दिवस जातो. आणि आता तुम्ही सही-शिक्क्यानिशी देणार लिहून, काका, तुमचा काही दोष नाही, पूर आला होता. आणि ते घोरणार. आणि मी काय करायचं? त्याच दिवशी सगळी दुकानं उघडी, पोरं शाळेत, माळा नाहीत, बँड नाही—लोक विचारतील सुद्धा नाहीत पडदा का लावलाय. ह्यांचा राग करते म्हणावं तर ह्यांच्याकडे सरकारचा कागद.

असं नका बघू माझ्याकडे. मी हे कुणाला बोलले नव्हते. तुमचे केस मागे सारणं बघितलं आणि—जाऊ दे.

हाक मारली ना त्यांनी? ...हो हो, पाठवते! ...तारीख आता सगळी लागतेय वाचायला, म्हणतायत. स्वच्छ दिसायला लागली. चेहरा बघा, परीक्षेत पहिला आल्यासारखा झालाय. द्या तो कप इकडे. जा तुम्ही, काय दिसेल ते लिहा, माझं काही मनावर घेऊ नका. पायऱ्यांवर शेवाळ आहे पण. जपून उतरा, साहेब.

ऐकलंत? जपून. एकच शब्द लागतो. तुमची माझी ओळख ना पाळख, तरी आला तोंडात. त्यांच्या तोंडात नाही आला.

जा आता.