मैंदर्गीपर्यंत टायर चालवून बघितले, त्याबाबत

जबाब

मी ईरम्मा शिवपुत्र बिराजदार, वय अंदाजे ७० वर्षे, धंदा घरकाम, राहणार मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर, जिल्हा सोलापूर. मला मराठी बोलता येते व समजते. कन्नड जास्त सोपी जाते. महिला पोलीस शिपाई काव्या मॅडम यांना कन्नड येत असल्याने त्या जबाबाच्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या आहेत. मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा बसवराज, सून व नातवंडे यांच्यासोबत राहते. बसवराजचा जनावरांच्या पेंडीचा धंदा आहे. त्याच्याकडे माल पोचवायला एक पिकअप व घरच्या वापराला एक बोलेरो आहे. माझे पती शिवपुत्र हे मंद्रूप ते सोलापूर अशी वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी, जीप चालवत होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले.

बसवराज गेला महिनाभर रोज जेवताना टायरांचेच बोलत होता. बोलेरोला आणि पिकअपला स्वस्तातले, पण हायवेवर दम धरणारे टायर त्याला पाहिजे होते. अमक्या कंपनीचा टिकतो पण आवाज करतो, तमक्याचा शांत चालतो पण ओल्या रस्त्यावर घसरतो, आणि तिसरा सगळ्यांत स्वस्त आहे पण त्याचे कोणाला काही माहीत नाही, असे तो मोबाईलवर बघून वाचून दाखवायचा. सून कंटाळून उठून जायची. मी ऐकत बसायचे. त्याचे वडीलही जेवताना टायरांचेच बोलत.

आज सकाळी बसवराजने मला डोळे दाखवायला सोलापूरला आणले. दवाखान्यातले काम झाल्यावर आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील नदाफ यांच्या टायरच्या दुकानी गेलो. हे दुकान रहिमतुल्ला नदाफ यांनी सुरू केलेले असून आता त्यांचा मुलगा खालिद ते बघतो. माझ्या पतीने जीपला आयुष्यभर तिथूनच टायर घेतले. रहिमतुल्ला यांना अलीकडे विसर पडतो. जुने सगळे आठवते, सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. ते दुकानाच्या दारात खुर्चीवर बसून असतात. हे मला आधीपासून माहीत होते. माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही.

खालिदने तो सगळ्यांत स्वस्त टायर दाखवला. त्यावर ठोकळ्यांची नक्षी नव्हती, सरळ लांब खाचा होत्या. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्याला अशीच नक्षी बरी, आवाज कमी होतो, असे तो म्हणाला. बसवराजचे मन होईना. शेवटी बोलेरोची मागची दोन चाके त्या टायरची करून घेतली. पुढच्या चाकांना काय घालायचे आणि पिकअपला काय घालायचे ते दुसऱ्या कंपनीचा माल बघून ठरवू, असे म्हणून तो खालिदसोबत मोटरसायकलवरून गोडाऊनला गेला. मी गाडीत मागच्या सीटवर बसून होते. दारे उघडी होती. किल्ली गाडीलाच होती. दुपारचे बारा वाजून गेले असतील.

रहिमतुल्ला खुर्चीवरून उठून गाडीजवळ आले. मागच्या टायरवर त्यांनी हात फिरवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, शिवपुत्र किदर है?"

माझ्या उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "येईल मागनं. नवीन टायर हाय, चालवून बघितल्याशिवाय कळतंय व्हय? चला, मैंदर्गीला जाके आते."

ते ड्रायव्हरच्या जागी बसले. त्यांनी मागे वळून मला विचारले, "भाभी, जाऊ का?"

मी म्हणाले, "चला."

हा शब्द मी बोलले आहे. बसवराजने तक्रारीत मला पळवून नेले असे लिहून दिले आहे. तो तेव्हा तिथे नव्हता. मी होते.

मैंदर्गी हे माझे माहेर आहे. रहिमतुल्ला यांनी मैंदर्गीचे नाव का घेतले असे साहेबांनी विचारले, त्याचा खुलासा असा की, पूर्वी नवीन कंपनीचा टायर बाजारात आला की माझे पती आणि रहिमतुल्ला तो जीपला लावून बघायचे. मागच्या एका चाकाला जुन्या भरवशाच्या कंपनीचा आणि दुसऱ्या चाकाला नवीन कंपनीचा. असे दोन चाकांना दोन टायर लावू नयेत, गाडी ओढते, असे खालिद आता सांगतो. तेव्हा ते लावत. मग भर उन्हात जीप मैंदर्गीपर्यंत न्यायची. वाटेत थांबायचे, खाली उतरायचे आणि दोन्ही टायरांना तळहात लावून कोणता जास्त तापला ते बघायचे. त्यावरून दोघांचे भांडण व्हायचे. माझ्या पतीला महागाचा टायर बरा वाटायचा आणि रहिमतुल्ला स्वतः विकणारे असून स्वस्ताची बाजू घ्यायचे. जीपमध्ये वजन पाहिजे म्हणून मला आणि शेजारच्या बायकांना बसवायचे. वजन म्हणून का होईना, मला माहेरी जायला मिळायचे.

मैंदर्गीला माझी आई दोघांना जेवायला वाढायची. आईला मराठी येत नव्हती. रहिमतुल्ला यांनी तिच्याकडून एक वाक्य शिकून घेतले होते, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झाले का. जीप दारात उभी राहिली की तिने विचारायच्या आत तेच तिला विचारायचे. आई तोंडाला पदर लावून हसायची. माझ्या आईला मी फार वेळा हसताना बघितलेले नाही.

आई गेल्यावर भावाने घर विकले आणि तो पुण्याला गेला. तेव्हापासून मी मैंदर्गीला गेले नव्हते. बसवराजला वेळ नसतो. यात त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, धंदा मोठा आहे.

रहिमतुल्ला यांनी गाडी सावकाश चालवली. हात चांगला होता. लायसन्सबाबत मला माहिती नाही. कुंभारीच्या पुढे त्यांनी विचारले, "इथली झाडं कुठं गेली?" पूर्वी त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुलिंब आणि चिंचा होत्या. आता चौपदरी रस्ता आहे. रस्ता मोठा करताना तोडली, असे मी सांगितले. ते म्हणाले, "मग सावलीत गाडी कुठं लावायची?" नंतर त्यांनी काच खाली केली आणि टायरचा आवाज ऐकत राहिले. मलाही ऐकायला सांगितले. बारीक एकसारखा आवाज येत होता, घरात कोणी दळत बसल्यासारखा.

टोलनाक्यावरून गाडी गेली तेव्हा बसवराजच्या मोबाईलवर मेसेज गेला व गाडी कोणत्या दिशेने गेली ते समजून त्याला मैंदर्गीचा अंदाज आला, असे त्याने मला नंतर सांगितले. माझा फोन मंद्रूपला घरीच राहिला होता. मी फोन मुद्दाम ठेवला नव्हता.

वळसंगच्या पुढे रहिमतुल्ला यांनी गाडी कडेला घेतली. उतरून मागच्या दोन्ही टायरांना तळहात लावला आणि मला हाक मारली. "भाभी, हात लावून बघा. शिवपुत्र आला की सांगा त्याला, नुसता कोमट हाय म्हणून."

तेव्हा मी त्यांना सांगितले. मी म्हणाले, "रहिमभाई, ते गेले. सहा वर्षं झाली. तुम्ही आला होता मातीला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि टोपी काढून तोंडावर धरली. बाजूने ट्रक जात होते. मी गाडीतली पाण्याची बाटली दिली. पाणी न पिता त्यांनी ते ओंजळीत घेऊन तोंडावर मारले. "मला कुणी सांगितलं का न्हाय," एवढेच म्हणाले.

मी त्यांना परत चला असे म्हणायला पाहिजे होते. साहेबांनी विचारले, का म्हणाला नाहीत. मला जायचे होते.

थोड्या वेळाने ते उठले, टोपी घातली आणि गाडी चालू केली. अक्कलकोट सोडल्यावर आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "शिवपुत्र येतोय ना मागनं?"

मी म्हणाले, "येतायत."

हे खोटे बोलणे आहे, ते मला समजते. एका माणसाला एकाच दिवशी तीच बातमी दोनदा सांगणे माझ्याने झाले नाही.

मैंदर्गीत आमच्या जुन्या घराच्या जागी आता स्लॅबचे घर आहे. खाली कपड्यांचे दुकान आहे. समोर राहणाऱ्या केराबाई यांनी मला ओळखले. मला बघून त्या आधी रडल्या आणि मग इतक्या वर्षांत आली नाहीस म्हणून रागावल्या. त्यांनी आम्हाला दोघांना ओसरीत बसवले. रहिमतुल्ला यांनी त्यांना "ऊटा आतेन?" असे विचारले. केराबाई म्हणाल्या, "या बया, ह्यो टायरवाला की गं! अजून बोलतोय तसंच?" त्यांनी भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी वाढली. रहिमतुल्ला जेवेनात. शिवपुत्र येऊ दे, बरोबर बसतो, म्हणाले. म्हणून मीही जेवले नाही. केराबाईंनी मला माझ्या आईच्या आठवणी सांगितल्या. त्या या प्रकरणाशी संबंधित नसल्याने येथे सांगत नाही.

काही वेळाने पोलिसांची गाडी आली. तिच्या मागे खालिदची चारचाकी होती, तिच्यातून बसवराज व खालिद उतरले. बसवराज धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला धडधाकट बघितल्यावर तो रहिमतुल्ला यांच्याकडे वळला. त्याची मूठ वळलेली मी पाहिली. खालिद हात जोडून त्याला म्हणत होता, "अण्णा, बाबांची चूक झाली. मला मारा, त्यांना काही बोलू नका."

बसवराज दिसायला वडिलांसारखाच आहे. अंगानेही तसाच, मिशीही तशीच ठेवतो.

रहिमतुल्ला ओसरीवरून उठले. त्यांनी बसवराजचे दोन्ही दंड धरले आणि मोठ्याने म्हणाले, "किती उशीर रे शिवपुत्रा! भाकरी गार झाली की. भाभी पण उपाशी बसल्यात."

पुढे येणारे पोलीस जागीच थांबले. बसवराज लहानपणापासून त्यांना चाचा म्हणतो. त्याने माझ्याकडे बघितले. मी त्याला काही खूण केली नाही.

बसवराज म्हणाला, "व्हय रहिमभाई. जरा उशीर झाला."

त्याच्या वडिलांचा आवाज मी सहा वर्षांनी ऐकला.

मग रहिमतुल्ला त्याला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेले. उकिडवे बसून दोघांनी टायर बघितला. "तापत न्हाय, आवाज करत न्हाय. वळणावर सरकला न्हाय. पावसात एकदा बघायला पायजे, पण म्हाग घ्यायची काय गरज न्हाय. पुढं पण हेच घाल," असे ते म्हणाले. बसवराजने, वजन टाकल्यावर टिकेल का, असे विचारले. ते म्हणाले, "पिकअपला जरा जाड बाजूचा घे, ह्यो नको." बसवराज मान हलवत होता. त्याने मोबाईल काढला नाही. खालिद पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्यानंतर दोघे जेवायला बसले व मीही जेवले. पोलिसांनी जेवण होईपर्यंत थांबून सहकार्य केले. परत येताना गाडी बसवराजने चालवली. रहिमतुल्ला त्याच्या शेजारी बसले होते व वाटेत झोपले.

बसवराजने दुपारी घाबरून तक्रार दिली, ती मागे घ्यायची आहे असे तो स्वतः सांगत आहे. तरी कागदावर रहिमतुल्ला यांचे नाव आलेले असल्याने माझा जबाब पाहिजे असे सांगण्यात आले, म्हणून मी हे सांगत आहे. रहिमतुल्ला नदाफ यांनी मला फसवून, धाक दाखवून किंवा बळजबरीने नेलेले नाही. गाडी चोरण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी मला विचारले व मी हो म्हटले. त्यांना घरी जाऊ द्यावे. खालिद म्हणतो, यापुढे बाबांना दुकानात आणणार नाही, घरीच ठेवीन. किल्ल्या लपवाव्यात, पण त्यांना घरी कोंडू नये, असे माझे त्याला सांगणे आहे. दारातली खुर्ची त्यांचीच आहे. बसवराज दर महिन्याला हवा भरायला तिथे थांबतो म्हणाला, तेव्हा मीही येत जाईन.

पुन्हा असा प्रकार घडल्यास काय कराल, असे साहेबांनी विचारले. पुन्हा घडल्यास मी आधी मुलाला फोन करीन व मगच गाडीत बसेन. बसणार नाही, असे कृपया लिहू नये.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला व काव्या मॅडम यांनी कन्नडमध्ये समजावून सांगितला. मी सांगितले तेच लिहिले आहे. दोन ठिकाणी वाचताना थांबायला सांगितले, ते चूक होती म्हणून नव्हे. खाली कन्नडमध्ये सही करत आहे.

जबाब देणार,
ईरम्मा शिवपुत्र बिराजदार