सासऱ्यांचा लाडका खेळाडू

अरे, माझं लग्न कसं ठरलं माहितीये? नाशिक रोडला मुलगी बघायला गेलो, तर तिचे बाबा टीव्हीसमोर. निवृत्तीनंतर टेनिसचा नाद लागलेला. वर्षअखेरची स्पर्धा चालू होती, जगातले फक्त पहिले आठ जण खेळतात ती. आमच्या हातात पोहे आले आणि त्यांचा लाडका खेळाडू हरला. काकांनी टीव्ही बंद केला, बोलणंही बंद. आई माझ्या कानात म्हणाली, "चल, निघू या."

मी धीर करून बोललो, "काका, तो बाहेर नाही पडला. आधी गटात तिघांशी खेळायचं असतं. एक हरला तरी चालतं."

"म्हणजे परवा परत खेळणार?"

"हो."

"मग परवा तुम्हीही या!"

गेलो. तो जिंकला. काकांनी मला पेढा भरवला. तो मॅचचा होता की लग्नाचा, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.